अंबादासकाकांची पाठ

गेल्या आठवड्यात आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी एका सिनेमाचं पोस्टर टाकलं. तो सिनेमा आता मोबाइलवर आलाय म्हणे. मोसंबीच्या बागेतून जाणारी पायवाट, लांबवर पत्र्याची घरं, आणि पुढं पाठमोरा चाललेला एक माणूस. अंगात पांढराशुभ्र लिननचा शर्ट, हातात चाकांची बॅग. परदेशात गेलेला मुलगा कैक वर्षांनी गावी परततो, अशी गोष्ट. खाली ठसठशीत अक्षरात हिरोचं नाव. ग्रुपवर धडाधड अंगठे पडले. एका बाईंनी लिहिलं, "नुसत्या पाठीतून केवढा अभिनय केलाय!"

ती पाठ हिरोची नाही, खामपिंपळीच्या अंबादासकाकांची आहे, असं मी टाइप करायला घेतलं. मग पुसून टाकलं. काका या उन्हाळ्यात गेले. ते खरोखरच परदेशातून गावी परत आलेले होते, त्यांच्याच गोष्टीसारखा सिनेमा त्यांच्याच गावात, त्यांच्याच दारात झाला, आणि त्यात त्यांना फक्त मागून घेतलं, हे एका मेसेजात कुणाला पटलं असतं?

खामपिंपळीच्या जिल्हा परिषद शाळेत मी काही वर्षं होते. रोज सकाळी संभाजीनगरहून सिडको स्टँडवर पाचोडची गाडी धरायची, फाट्यावर उतरायचं आणि गावाकडं जाणाऱ्या कुणाच्याही मोटारसायकलवर मागं बसायचं. या रस्त्याला एका शेतात पांढरी लोखंडी केबिन उभी होती. बांधकामाच्या साइटवर इंजिनिअर लोक बसतात, तसली. खिडकीला एसी. दारावर पाटी, 'परवानगीशिवाय आत येऊ नये'. चहूबाजूंनी मोसंबी. आणि बांधावर पिवळं हेल्मेट घातलेला एक उंच, सरळ पाठीचा म्हातारा हवेत हात करत उभा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, योगासनं चाललीत.

ज्याच्या गाडीवर मी बसले होते तो म्हणाला, "अंबादास हाय तो. दुबईवाला."

दुबईवाला म्हटलं की काकांना राग यायचा. "दुबई नाय, बहारीन," ते सांगायचे. गावकरी मान डोलवायचे, "व्हय व्हय. दुबईतलं बहारीन."

बहारीनच्या बंदरावर क्रेन चालवण्यात काकांची सगळी उमर गेली होती. क्रेनवर उंच बसलेल्या माणसाला खालचं काही ऐकू येत नाही. म्हणून खालचा माणूस हातानं खुणा करतो. अंगठा वर केला की उचल. अंगठा खाली केला की सोड. मूठ दाखवली की थांब. काकांनी जन्मभर त्या खुणा पाहिल्या होत्या. गावी आल्यावर ते स्वतः जमिनीवर होते, आणि आता खुणा करायची पाळी आपली आहे अशी त्यांची समजूत झाली होती. शेजारच्या शेतातल्या माणसाला 'पाणी सोड' हे हाक मारून सांगायच्या ऐवजी ते अंगठा खाली करून उभे राहायचे. त्याला काही कळायचं नाही. तोही परत अंगठा दाखवायचा. सगळं ठीक चाललंय अशी दोघांची खात्री, आणि पाणी कुठंच नाही.

दुसरी सवय त्याहून अवघड होती. कुठलीही गोष्ट खाली टेकवण्याआधी ते मोठ्यानं विचारायचे, "खाली कोण हाय?" विहिरीत बादली सोडताना ठीक. पण बाजेवर बसतानाही. मोटारसायकलवरून उतरतानाही. गावातल्या एका लग्नात 'सावधान' झालं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, आणि काका हात वर तसाच धरून ओरडले, "खाली कोण हाय?" नवरीचा मामा भांबावून म्हणाला, "आम्ही हाव, अंबादासभाऊ!" काका म्हणाले, "मग बाजूला व्हा." मामा खरंच बाजूला झाला. मग काकांनी अक्षता टाकल्या.

बाहेर पडताना ते चमकत्या पट्ट्यांचं हिरवं जाकीट घालायचे. तिकडं सगळे घालतात म्हणून यांनाही त्याशिवाय उघडं वाटायचं. त्या जाकिटात ते पाचोडच्या आठवडी बाजारात गेले की लोकांना वाटायचं रस्त्याच्या खात्याचे साहेब आले. भाजीवाल्या बायका त्यांना घेरायच्या. "साहेब, हा खड्डा बघा. मपली टोपली रोज लवंडती." काका वाकून खड्डा बघायचे, त्यात पाय घालून खोली मापायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "वर कळवतो."

मी एकदा विचारलं, "काका, वर म्हणजे कुणाला?"

"वर म्हंजे वर, मॅडम. मी इतकी वर्सं वरच व्हतो. मला कधी कुणी काय कळवलं नाय. आता मी कळवतो."

पुढच्या बाजाराला ते घमेलंभर मुरूम घेऊन गेले आणि तो खड्डा स्वतःच बुजवून आले. इतकं झटपट काम करणारं खातं पाचोडच्या लोकांनी पाहिलेलं नव्हतं. त्यानंतर तक्रारी वाढल्या. एकानं तर सासऱ्याची तक्रार आणली.

पण या माणसाला गावात घर होतं आणि तो केबिनीत राहायचा. कारण त्या घरात त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल राहायचा, आणि विठ्ठल त्यांच्याशी बोलत नव्हता. त्यांची आई गेली तेव्हा अंबादासकाका आले नव्हते. तेव्हा नाही, वर्षश्राद्धाला नाही, पुढंही कित्येक वर्षं नाही. फोन आला की विठ्ठल फोन बायकोकडं, कौसाबाईंकडं द्यायचा आणि उठून बाहेर जायचा. काका कायमचे परत आले तेव्हा विठ्ठलनं दार उघडलं, पाहिलं आणि एक शब्दही न बोलता आत निघून गेला. काका थोडा वेळ ओट्यावर बसले. मग शेंद्र्याला गेले, तिथल्या कुठल्याशा कारखान्यानं काढून टाकलेली केबिन विकत घेतली आणि आपल्या वाट्याच्या शेतात आणून ठेवली.

मात्र दोघांची शेतं लागून, विहीर एक, विहिरीवरच्या मोटारींना विजेची लाइन एक. बोलल्यावाचून चालणार कसं? तर विठ्ठलची म्हैस बांधावर बांधलेली असायची. हे दोघं तिच्याशी बोलायचे. मी हे माझ्या कानांनी ऐकलंय.

विठ्ठल म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "ऐक गं बाई. आजची लाइन मपल्या मोटरीला. दुसऱ्या कुणी बटन दाबलं तर बरं होणार नाय."

पलीकडून काका म्हशीला म्हणायचे, "त्याला म्हणावं, दाबत नाय. अन् म्हणावं, कौसाच्या गुडघ्याला ते हिरवं तेल दिलंय, लावलं का?"

"म्हणावं, लावलं."

"म्हणावं, फरक हाय का?"

विठ्ठल म्हशीची गोचीड काढतोय. म्हैस रवंथ करतेय. "हाय म्हणावं. जरासा."

असं बरं चाललं होतं. मग म्हैस आटली आणि विठ्ठलनं ती बाजारात नेऊन विकली. दुसऱ्या दिवशी दोघं भाऊ सवयीनं बांधावर आले. मोकळ्या खुंट्याच्या दोन बाजूंना जरा वेळ उभे राहिले आणि आपापल्या वाटेनं गेले. कौसाबाईंनी खुंट्याला शेळी बांधून पाहिली, पण शेळी कुणाचंच ऐकून घ्यायला थांबत नव्हती. काका मला म्हणाले, "मॅडम, म्हैस इकायला नव्हती पायजे. लई समजदार व्हती." बोलणं बंद पडलं ते बंदच पडलं.

हे असं असताना गावात सिनेमावाले आले.

दिग्दर्शक पुण्याचा, तरुण, दाढीवाला, आणि खरोखर सभ्य मुलगा होता. त्याची गोष्ट अशी: हिरो अमेरिकेतून कैक वर्षांनी गावी येतो. आई वारलेली असते. भाऊ म्हणतो, 'कशाला आलास?' आणि तोंडावर दार लावतो. त्याला गाव पाहिजे होतं, मोसंबीच्या बागा पाहिजे होत्या आणि एक चांगलं दार पाहिजे होतं. गावात सगळ्यात चांगलं सागवानी दार विठ्ठलच्या घराला होतं. मग तेच घर ठरलं. कौसाबाईंनी दिवाळीला भिंतींना गुलाबी रंग दिला होता. त्यावर सिनेमाच्या पेंटरनं दोन दिवस खपून शेवाळं रंगवलं. कौसाबाई म्हणाल्या, "पाहुणे येऊन म्हणत्यात, वैनी, घर कव्हापासून गळतंय?"

शाळेचा एक वर्ग मेकअपला दिला होता. पलीकडं मुलं पाढे म्हणायची, अलीकडं गावातल्या म्हाताऱ्यांना रडायची तालीम. सहायक दिग्दर्शिका समजावून सांगायची, "आजी, तो इतक्या वर्षांनी आलाय. तुम्हाला भरून आलंय. रडायचं."

"मेलंय कोण?"

"कुणी मेलं नाहीये आजी. आलंय."

"आलंय तर रडायचं कशाला?"

कुणीतरी दिग्दर्शकाला सांगितलं, अहो, परदेशातून आलेला खराखुरा माणूस गावातच आहे की. तो धावत केबिनवर गेला. काकांनी त्याला आत बसवलं, एसी लावला. मलाही बोलावलं होतं, कारण काकांचं बोलणं त्या मुलाला पटकन उमगत नव्हतं.

"काका, इतक्या वर्षांनी गावात पाय ठेवला तेव्हा पहिलं काय वाटलं?"

"गरम झालं."

"नाही, म्हणजे मातीचा वास वगैरे..."

"युरियाचा आला. यष्टीत गोणी फुटलेली व्हती."

"आणि गावानं? गाव कसं भेटलं तुम्हाला?"

"दोरी धर म्हणले."

दिग्दर्शकानं माझ्याकडं पाहिलं. मी खुलासा केला. काका परत आले त्या दिवशी गावातली डीपी जळाली होती. सगळं गाव नवा ट्रान्सफॉर्मर चढवायला जमलेलं. काका फाट्यावरून खोकं घेऊन चालत येत होते. उंच माणूस बघून कुणीतरी ओरडलं, ए, दोरी धर! काकांनी खोकं खाली ठेवलं आणि दोरी धरली. ट्रान्सफॉर्मर चढला, लाइट आली, लोक टाळ्या वाजवून घरोघर गेले. दोरीला कोण होतं ते कुणी पाहिलंच नाही.

दिग्दर्शक हळूच म्हणाला, "आणि घरी? घरी गेल्यावर?"

काकांनी उजवा हात वर केला आणि मूठ धरली. त्याला वाटलं, काका काहीतरी सांगायची तयारी करतायत. तो वाट बघत बसला. मी त्याला उठवलं. मूठ म्हणजे थांब.

काकांना सिनेमात एखादं छोटं काम द्यावं असं त्याच्या फार मनात होतं. पण कपडेवाला म्हणाला, "सर, हे परदेशातून आल्यासारखे दिसत नाहीत." काकांना हे एकदम पटलं. "बरोबर बोलला तो. मलाबी कधी तसं वाटलं नाय."

मग कॅमेऱ्याची क्रेन आली. चांगली उंच होती, टोकाला कॅमेरा आणि कॅमेरामन दोघं बसायचे. काका तेव्हा आपल्या बागेत मोसंबी उतरवणाऱ्या गड्यांना खुणा करत होते. गड्यांनी नेहमीप्रमाणं लक्ष दिलं नाही. पण क्रेन चालवणारा माणूस मुंबईचा, शिकलेला. त्यानं पाहिलं की हेल्मेट आणि जाकीट घातलेला एक साहेब अंगठा खाली करतोय. त्यानं क्रेन खाली घेतली. साहेब अजून अंगठा खाली करतोय. त्यानं अजून खाली घेतली. कॅमेरा आणि कॅमेरामन सावकाश, अगदी अलगद, मोसंबीच्या झाडात शिरले. कॅमेरामन आतून ओरडायला लागला, तेव्हा काकांना प्रथमच वर बघायचं सुचलं. त्यांनी मूठ दाखवली. क्रेन जागच्या जागी थांबली.

काका मला नंतर कितीतरी वेळा सांगायचे, "मॅडम, इतक्या दिवसात पहिल्यांदा कुणी मपलं ऐकलं."

त्या दिवसापासून शूटिंग असलं की काकांना शाळेत माझ्या वर्गात बसवून ठेवावं, अशी विनंती आली. ते चौथीच्या शेवटच्या बाकावर गुडघे वर करून बसायचे आणि पाढ्यात मुलांच्या पुढं जायचे.

पण सिनेमालाच त्यांची गरज पडली. हिरोचा पाय नांगरटीत मुरगळला आणि घोट्याला मोसंबीएवढी सूज आली. गावातून चालत येण्याची सगळी दृश्यं राहिलेली. दिग्दर्शक म्हणाला, ती मागून घेऊ. हिरोसारख्या पाठीचा माणूस शोधा. सगळ्या गावाच्या पाठी बघून झाल्या. कुणाची वाकलेली, कुणाची आखूड. लिननचा शर्ट शेवटी एकालाच बसला. केसांना काळा रंग लावून काकांना मागून उभं केलं तर हिरोची बायकोसुद्धा फसली असती.

काका पाठीचं काम फार मन लावून करायचे. फक्त चाकांची बॅग त्यांना पटत नव्हती. काळ्या मातीत चाकं फिरेनात म्हणून त्यांनी ती सरळ डोक्यावर घेतली. दिग्दर्शक ओरडला, "काका, तुम्ही अमेरिकेहून आलाय! ओढा!" ते म्हणाले, "अमेरिका राहिली मागं, हितं रान हाय." शेवटी बॅग हातात उचलून चालायचं असं ठरलं. पोस्टरवर आहे ती तीच चाल.

इकडं भावाचं काम करणारा नट एका मालिकेत मेलेला होता, म्हणून आमच्याकडं मोकळा होता. मालिकेवाल्यांनी त्याला अचानक जिवंत करायचं ठरवलं आणि तो रातोरात मुंबईला निघून गेला. दाराचं दृश्य तर तोंडावर आलेलं. दिग्दर्शकानं डोक्याला हात लावला आणि समोर पाहिलं, तर ओट्यावर विठ्ठल बसलेला. हसू नाही, राग नाही, डोळ्याची पापणी हलत नाही. दिग्दर्शक म्हणाला, "हाच चेहरा पाहिजे होता मला."

विठ्ठलनं एवढंच विचारलं, "दार लावायचं, इतकंच ना?"

"फक्त म्हणायचं, 'कशाला आलास?' आणि दार लावायचं."

"लावतो."

दारात पाठ कुणाची असणार हे त्याला कुणी सांगितलं नाही. सिनेमावाल्यांना दोघं भाऊ आहेत हेच माहीत नव्हतं. गावाला सगळं माहीत होतं, आणि गाव गप्प बसलं. सगळे येऊन भिंतीला टेकून बसले, बायका, म्हातारे, सगळे. मी शाळा अर्ध्यावर सोडली. खामपिंपळीत इतकी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती.

काका बॅग घेऊन दारासमोर उभे राहिले. कॅमेरा त्यांच्या मागं. दिग्दर्शकानं त्यांना बजावलं होतं, पाठीला संवाद नाहीत, फक्त खांदे पाडायचे. अ‍ॅक्शन झालं. काकांनी कडी वाजवली. दार उघडलं.

विठ्ठलनं पाहिलं. त्याच्या चेहऱ्याचं काय झालं ते मला सांगता येणार नाही. दिग्दर्शक नुसता कुजबुजत होता, "बघा, बघा, काय चेहरा आहे!"

"कशाला आलास?" विठ्ठल म्हणाला.

कागदावर इथं दार लागत होतं. लागलं नाही.

"आता कशाला आलास? माय गेली तवा कुठं व्हता?" विठ्ठलचा हात दाराच्या फळीवर तसाच होता. "दाराकडं तोंड करून झोपायची ती. खाट फिरवू देत नव्हती. म्हणायची, अंबू आला अन् त्याला मपली पाठ दिसली तर?"

सहायक दिग्दर्शिका पुढं व्हायला निघाली. दिग्दर्शकानं तिचा हात धरून ठेवला.

काकांचे खांदे पडले नाहीत. ते बोलायला लागले. "मी वर व्हतो, इठ्ठल. क्रेनवर. खालून दोघं हात करीत व्हते. मला वाटलं, सामान वर घे म्हणत्यात. मी वर घेतलं. ते पुन्हा हात करीत. मी पुन्हा वर घेतलं. लई वेळ असंच. त्या खुणांमधी माय गेल्याची खूण नसती रं. उचल, सोड, थांब. तेवढंच असतं."

काकांनी बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"खाली उतरलो तवा कळलं. पासपोर्ट मालकाकडं, अन् मालक लग्नाला गेलेला सौदीत. तो येईस्तोवर इकडं दहावा झाला व्हता. मग म्हणलं, आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

विठ्ठलनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. लिननचा शर्ट, काळे केस, चाकांची बॅग, मागं कॅमेरा.

"तोंड नव्हतं म्हणून पाठ घेऊन आलास व्हय?"

भिंतीशी बसलेली एक म्हातारी फस्सकन हसली. मग सगळं गाव हसलं. विठ्ठलही हसायला लागला आणि हसता हसता त्याचं तोंड वाकडं होऊन तो रडायलाच लागला. दिग्दर्शक दाढीतून डोळे पुसत होता. पण मुलगा कामाचा पक्का. तशातही त्याला गोष्ट आठवली. तो म्हणाला, "विठ्ठलराव, दार... दार लावायचंय."

"लावायचंच?"

"हो. स्क्रिप्टमध्ये आहे."

"बरं," विठ्ठल म्हणाला. त्यानं काकांच्या लिननच्या कॉलरला धरलं, त्यांना आत ओढलं आणि दार लावलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. बॅग तेवढी बाहेर राहिली.

"कट! सुंदर!" दिग्दर्शक ओरडला. मग थांबला. "ते दोघंही आत गेले?"

"हो सर," सहायिका म्हणाली.

"पण हिरो बाहेर पाहिजे ना!"

"हिरो बाहेरच आहे सर." हिरो खरंच खुर्चीत बसून सुजलेला पाय बादलीत घालून हे सगळं बघत होता. त्यानं हात हलवला.

दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. बऱ्याच वेळानं खिडकीतून कौसाबाईंचं डोकं बाहेर आलं. "जेवाया बसलेत. थांबा जरा."

"वहिनी, पण लाइट चाललीय!"

"आमच्याकडं तर रोजच जाती. कंदील देऊ का?"

ऊन उतरलं तरी दार उघडलं नाही. आतून भांड्यांचे, मध्येच मोठ्यानं हसण्याचे, मग भांडण्याचे, मग पुन्हा हसण्याचे आवाज येत राहिले. शेवटी काका बाहेर आले तेव्हा शर्टावर छातीपाशी आमटीचा हा एवढा पिवळा ओघळ. कपडेवाला मटकन खाली बसला. तसा शर्ट एकच होता, तो धुऊन डाग निघेना. आणि दाराबाहेर ढसाढसा रडणाऱ्या हिरोचं समोरून दृश्य तर राहिलेलं. दुसऱ्या दिवशी हिरोनं तोच शर्ट घातला. त्यामुळं सिनेमात तो अमेरिकेहून येतो, त्याला घरात घेत नाहीत, तो बंद दारासमोर गुडघ्यांवर बसून रडतो, आणि त्याच्या छातीवर त्याच घरातल्या आमटीचा डाग असतो. अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

काका घरी राहायला गेले. केबिनीत विठ्ठलनं कांदे भरले.

पुढं माझी बदली खुलताबादकडं झाली. काकांना मी शेवटचं पाहिलं ते संभाजीनगरला, एका मॉलमध्ये. वरच्या मजल्यावरच्या थिएटरात सिनेमाचा खास खेळ होता आणि दिग्दर्शकानं आठवणीनं सगळ्यांना पास पाठवले होते. दोघा भावांसाठी मी शेजारच्या दोन खुर्च्या धरून बसले होते. ते आले नाहीत. सिनेमा सुरू झाला. पाठ चालली, बॅग चालली, दार उघडलं. विठ्ठलचा चेहरा पडदाभर झाला आणि आजूबाजूचे लोक मुसमुसायला लागले. काकांचा आवाज काढून तिथं हिरोचा घातला होता. हिरो म्हणत होता, 'मी मीटिंगमध्ये होतो रे.' मला पुढं बसवेना. मी या दोघांना शोधायला बाहेर आले.

ते तळमजल्यावर होते. सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी. दोघांनी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घातले होते. विठ्ठल दोन्ही हात पाठीमागं बांधून उभा होता.

"हे पळतंय," तो म्हणत होता.

"पळू दे ना. तू नुस्ता पाय टाक."

"तू जाय आधी."

"मी किती बार जाऊन आलो! तू येतच नाय!"

तिथल्या वॉचमननं लिफ्ट दाखवली. विठ्ठल म्हणाला, "त्या डब्यात मी नाय बसत."

मी म्हटलं, "काका, अहो तुमचा सीन होऊन गेला!"

"झाला व्हय?" काका म्हणाले. "इठ्ठल कसा दिसला?"

"फार छान. लोक रडत होते."

"ऐकलं का रं? रडले म्हणं लोक."

"रडू दे. आधी हे थांबवाया सांग."

काकांनी एक उसासा टाकला. विठ्ठलकडं तोंड करून त्यांनी उलटं पाऊल जिन्यावर ठेवलं आणि दोन्ही हात पुढं पसरले. जिना त्यांना मागं मागं, वर वर घेऊन चालला. विठ्ठल बघत राहिला. दोघांत एक पायरी पडली, दुसरी पडली. त्याचा चेहरा एकदम बदलला.

"दादा! ए दादा! कुठं चालला!"

आणि त्यानं उडी मारली. धडपडला, एक चप्पल खालीच राहिली, पण काकांचा सदरा त्याच्या मुठीत आला. काकांनी त्याला दोन्ही दंडांना धरून उभं केलं.

"नीट पाय टाकता येईना व्हय?"

"सांगून जायाचं नसतं व्हय?"

मी चप्पल उचलून खाली उभी होते. दोघं एकमेकांना घट्ट धरून, तोंडाला तोंड लावून भांडत, हळूहळू वर चालले होते. मागं माणसं चढली होती, ती थांबून ऐकत होती. अगदी वर गेल्यावर आता यावरून उतरायचं कसं, यावर त्यांचं नव्यानं जुंपलं. दोघंही हलेनात, आणि मागची सगळी माणसं त्यांच्या अंगावर येऊन साचायला लागली.